घरातून सरळ निघालेला केक हॉलवर वाकडा का पोचतो?

घरी केक करून विकणाऱ्या प्रत्येकीच्या फोनमध्ये एखादा फोटो असा असतोच, जो ती कधी स्टेटसला लावत नाही. माझ्याकडं तसे चार आहेत. चारही केक बेळगावातल्या वडगावमधल्या माझ्या घरातून निघताना दृष्ट काढावी असे होते. पोचले तेव्हा एक कमरेत फुगलेला, एक तिरका चिरलेला, एकाचं क्रीम खांद्यावरनं पदर घसरावा तसं खाली आलेलं. चौथा खानापूरचा, त्याचं पुढं सविस्तर सांगते.

दरवेळी मी क्रीमला दोष दिला. कंपनी बदलली, बीटर बदलला, शेवटी "यंदा ऊनच जास्त आहे" म्हणून गप्प बसले. दोन महिन्यांनी परत तेच. मग एक सवय लावून घेतली: मोडलेला केक सावरायच्या आधी दोन मिनिटं नुसता बघायचा. कुठनं मोडलाय, कसा मोडलाय. डॉक्टर नाडी बघतात तसं. त्यातनं जे कळलं ते इथं लिहितेय. ज्यांचा केक ओट्यावर छान आणि रस्त्यात घाण होतो, त्यांच्यासाठी. ओव्हनमध्येच जो बसतो त्याचं दुखणं वेगळं, ते इथं नाही.

मोडका केक आधी वाचा

कमरेत फुगा आलाय, म्हणजे दोन थरांच्या सांध्यावर क्रीमचा टायर बाहेर आलाय. आत भरलेलं क्रश किंवा फळं पार कडेपर्यंत गेलेली असतात आणि वरच्या स्पंजच्या वजनानं ती बाहेर रेटली जातात. शेताला घालतात तसा प्रत्येक थराच्या कडेनं घट्ट क्रीमचा बांध घालायचा, भरण त्या बांधाच्या आत. आणि थर रचल्या रचल्या बाहेरचं क्रीम लावायला घ्यायचं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तास-दीड तास फ्रिजमध्ये, वर एक हलकं स्टीलचं ताट. केकला जेवढं दबायचं आहे तेवढं घरीच दबू दे. हा एक तास मी वर्षभर वाचवत होते. का वाचवत होते ते पुढं येईल.

बेळगावात राहून कुंदा केकची ऑर्डर येत नाही असं होत नाही. कुंदा म्हणजे आटवलेल्या दुधाची इथली मिठाई, जड आणि ओलसर. गोळे तसेच पसरले तर त्यांच्याखाली क्रीम दबतं आणि कापताना थर सुटतात. तो हातानं मोकळा करून थोड्या फेटलेल्या क्रीममध्ये कालवायचा, पातळ थर द्यायचा आणि सिरपमध्ये साखर तेवढी कमी करायची. पाहुण्यांना कुंदा दिसायलाही हवा असतो, म्हणून थोडा वर भुरभुरायचा. ढीग करायचा नाही.

वरचा थर सबंध सरकलाय, पण फुगा नाही. ह्यात नव्वद टक्के वेळा सिरप. स्पंज कोरडा लागेल ह्या भीतीनं आपण ओततच राहतो. एक किलोच्या केकला तिन्ही थरांत मिळून १०० ते १२५ मिली पुरतं. एगलेस स्पंज दही नाहीतर मिल्कमेडचा असेल तर तो मुळातच ओला असतो, त्याला त्याहून कमी. चमच्यानं ओतू नका, ब्रशनं लावा नाहीतर बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडा. अननसाच्या डब्यातला रस "वाया कशाला घालवायचा" म्हणून ओतणाऱ्यांत मीही होते. फोडी तासभर चाळणीत ठेवून पूर्ण निथळू द्या. ताजा अननस वापरत असाल आणि भरण जिलेटीननं घट्ट करत असाल तर ते जमणारच नाही. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन जिलेटीन तोडून टाकतं. डब्यातला अननस उष्णता दिलेला असतो म्हणून चालतो. घरचाच वापरायचा तर साखर घालून उकळून, गार करून घ्या.

तळापासनं वर तिरकी भेग गेली आहे. केकचा ह्यात काही गुन्हा नाही, बोर्ड वाकलाय. दोन किलोचा केक पातळ पुठ्ठ्यावर ठेवून एका हातानं उचलला की मधे पुठ्ठा झुकतो, क्रीमला तेवढी लवचिकता नसते, ते चिरतं. एक किलोच्या वर जाड एमडीएफचाच (दाबून केलेल्या लाकडी भुशाचा) बोर्ड. तो संपला असेल तर दोन पुठ्ठे एकाची घडी उभी, दुसऱ्याची आडवी अशी चिकटवा. बोर्ड केकपेक्षा निदान दोन इंच मोठा हवा, म्हणजे उचलताना बोटं क्रीमला लागत नाहीत.

क्रीमचा पडदाच्या पडदा घसरलाय आणि आत स्पंज उघडा पडलाय, तर स्पंज कोमट होता. वरनं गार लागतो, पोटात गरम असतो. मधे बोट घालून बघता येत नाही, म्हणून मी आता स्पंज आदल्या दिवशीच करते. गार झाला की गुंडाळून ठेवते. दुसऱ्या दिवशी कापतानाही चुरा कमी पडतो. उलटही होतं: फ्रीझरमधनं काढलेल्या स्पंजवर लगेच क्रीम लावलं तर स्पंजला घाम येतो आणि त्या पाण्यावर क्रीम धरत नाही. आधी चुरा धरून ठेवणारा पातळ हात, मग अर्धा तास फ्रिज, मग वरचा हात. भिंतीला प्रायमर न मारता रंग दिला तर काय होतं ते माहीत आहे ना.

तळाशी पाणी साचलंय, तर फळं किंवा जास्त फेटलेलं दुधाचं क्रीम. नक्षीच्या कडा बोथट आणि भोकाभोकाच्या झाल्यात, तर ते क्रीम आधी जास्त फेटलं गेलं आणि मग उन्हात बसलं.

क्रीमबद्दल थोडं

म्हणजे क्रीम अगदीच निर्दोष नाही. पण त्याचा दोष बहुतेक वेळा आपण घातलेला असतो.

बाजारात आपण जे घेतो ते नॉन-डेअरी, वनस्पती तेलाचं, साखर आधीच घातलेलं. ते गोठलेलं येतं. फ्रीझरमधनं खालच्या कप्प्यात आदल्या रात्री ठेवायचं. गरम पाण्यात पुडा बुडवून घाईनं वितळवायचं नाही. आत बर्फाचे कण राहिले की बीटरखाली ते आधी छान घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि कण वितळले की पातळ पडतं. फेटताना ते ७ ते १० अंशांच्या आसपास असावं. थर्मामीटर नसेल तर भांडं आणि बीटरच्या काड्या १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुडा हाताला चांगला थंडगार लागला पाहिजे. एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही.

केकच्या अंगाला लावायचं क्रीम थोडं मऊ थांबवायचं, चमचा उचलला की टोक वाकेल इतपत. फुलं काढायला त्याहून घट्ट. सगळं एकदमच घट्ट फेटून ठेवलं की अंगावर फिरवताना ते खरबरीत होतं आणि आपण पॅलेट नाइफनं (सपाट, बोथट सुरीनं) परत परत घासत बसतो. त्या घासण्यानं ते आणखी फाटतं. असं झालंच तर बाजूला काढून ठेवलेलं न फेटलेलं क्रीम दोन-तीन चमचे घालून हातानं हलकं कालवा, बरंचसं सुधारतं. पाण्याचा रंग क्रीममध्ये घालू नका, जेल घ्या. आणि लाल रंग लगेच लाल दिसत नाही म्हणून बाटली रिकामी करू नका. दोन तासांत तो आपोआप गडद होतो.

घरच्या लोण्याचं, दुधाचं क्रीम हवं म्हणणारी गिऱ्हाइकं असतात. चवीला प्रश्नच नाही, इकडचं लोणी म्हणजे काय सांगायचं. पण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं. फेटण्यासाठी दुधाच्या क्रीममध्ये ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश लागतो. साध्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर २५ टक्के लिहिलेलं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुधाच्या क्रीमचा केक मी फक्त घरी न्यायला येणाऱ्यांना देते, बाहेरगावी नाही.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून आपण स्वतःला थंड हवेच्या गावचे समजतो. पण एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात त्याहून वर. रात्री मात्र अजून बरी हवा असते. म्हणून उन्हाळ्यात क्रीमचं सगळं काम मी पहाटे पाच ते आठमध्ये उरकते. पंखा बंद, खिडकी उघडी, बीटरच्या आवाजानं गल्लीतली कुत्री जागी. लाइट गेली तर? आमचा इन्व्हर्टर फ्रिज ओढत नाही. फ्रिज उघडायचा नाही, एवढंच हातात असतं. दार बंद राहिलं तर दोन-तीन तास निभतात.

खानापूरचा केक

आता तो चौथा फोटो. मे महिन्यातला रविवार, बारसं, दोन मजली केक, खाली आठ इंची, वर सहा इंची, मिळून तीन किलो. वर फाँडंटचा, म्हणजे कणकेसारख्या मळलेल्या साखरेचा, पाळणा आणि बाळ. बेळगाव ते खानापूर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे फार लांब नाही. दर ठरला होता किलोला ५००, पाळण्याचे वर २००. एकूण १,७००. मला तेव्हा फार मोठी ऑर्डर वाटली होती.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी आणखी चार अर्धा-अर्धा किलोचे केक घेतले होते. प्रत्येकातनं जे काही उरायचं ते इतकं थोडं की नाही म्हणायला जीव धजायचा नाही. त्यामुळं फ्रिज भरलेला. दोन मजल्यांना दबायला तास मिळाला नाही, थंड व्हायला चाळीस मिनिटं मिळाली. वरच्या मजल्याखाली स्वतंत्र बोर्ड घातला नाही, कारण सहा इंची जाड बोर्ड शिल्लक नव्हता. आधाराला घरातल्याच कागदी स्ट्रॉ घातल्या. कागदी स्ट्रॉ ओल्या स्पंजमध्ये तासाभरात मऊ पडते, हे एवढं साधं तेव्हा डोक्यात आलं नाही. उंच डबा नव्हता म्हणून दोन डबे टेपनं जोडले. आणि केक मी मांडीवर घेऊन बसले.

मांडी ही केकसाठी सगळ्यात वाईट जागा. अंगाची ऊब खालनं लागते, गाडी वळली की आपण नकळत उलट्या बाजूला झुकतो आणि डबा आपल्याबरोबर झुकतो. मच्छेजवळ वाहतूक तुंबली होती. ऊन खिडकीतनं थेट डब्यावर. आमचे हे म्हणाले, "काच खाली करू?" मी म्हटलं, "नको, धूळ बसेल." ए.सी. तर नव्हताच. पुढं प्रत्येक गतिरोधकाला मला डब्यात काहीतरी बारीक हलल्यासारखं जाणवत होतं आणि मी ते मनावर घेत नव्हते.

हॉलवर डबा उघडला. वरचा मजला खालच्यात एका बाजूनं दोन बोटं रुतला होता आणि कट्ट्यावरची म्हातारी भिंतीला टेकावी तसा कलला होता. बाळ पाळण्यातनं अर्धं बाहेर. बाळाची आजी शेजारी उभी होती. ती काही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, पाळणा हललाय व्हय गं? असू दे, हलायलाच असतोय." लोक हसले, मी पण हसले, आणि परत येताना रस्ताभर रडले. त्यांनी १,७०० च दिले. मीच २०० परत केले.

आता मूळ दुखणं

त्या रात्री वही काढली. काय काय चुकलं ते एका पानावर लिहिलं: वरच्या मजल्याचा बोर्ड, जाड प्लास्टिकच्या स्ट्रॉ, उंच डबा, एक तास दाब, तीन तास थंड करणं, ए.सी.ची गाडी. समोरच्या पानावर प्रत्येकाची किंमत. तेव्हा कळलं की ह्यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. सगळ्या माहीत होत्या. मी त्या केल्या नाहीत, कारण ५०० च्या दरात त्यांना जागाच नव्हती. दर कमी म्हणून ऑर्डरी जास्त घ्यायच्या, ऑर्डरी जास्त म्हणून फ्रिज भरलेला आणि हात घाईत, आणि घाईतला केक रस्त्यात बसतो. मी क्रीम बदलत बसले होते आणि गळती होती वहीत.

तर हिशोब मांडू. भाव माझ्या वेळचे आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. एक किलोचा साधा सजवलेला एगलेस पायनॅपल केक. स्पंजचं सगळं सामान ७५ रुपये. क्रीम ४०० ग्रॅम, २२० रुपये किलोनं ८८. अननस आणि सिरप ३५. रंग, मणी, टॉपर ४०. बोर्ड २० आणि डबा ३०. गॅस-वीज २०. झाले ३०८. मी ५०० ला विकत होते. उरले १९२, त्यातनं पोचवायला पेट्रोलचे ४० गेले, राहिले १५२. ओव्हन लावण्यापासून भांडी घासेपर्यंत माझा वेळ साडेतीन तास. तासाला ४३ रुपये. ह्यात एखादा केक मोडला, क्रीमचा पुडा फाटला, की तेवढेही नाहीत.

आमच्या वडगावात मागावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. सुताचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, दोन्ही एकत्र कधी कालवत नाहीत. साडी विकली नाही तरी मजुरी ही मजुरीच. आपण बायका मात्र केकच्या बाबतीत "घरातच तर असते" म्हणून मजुरीच्या जागी शून्य लिहितो. मी तासाला ८० धरले आणि हात जरा चटपटीत झाला म्हणून तीन तास: २४०. सामानाची तूट दहा टक्के, साधारण ३०. झाले ५७८. बीटर-ओव्हन झिजतात, एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी घरून विकणाऱ्यालाही लागते तिची फी, आणि धंदा म्हणून चार पैसे: ह्या सगळ्याला १५ टक्के, म्हणजे ८७. एकूण ६६५. मी ६७० लावते. पोचवणं वेगळं.

आता अर्ध्या किलोचं बघा, कारण खरा खड्डा तिथं आहे. आपण सरळ निम्मे करतो, ५०० चे २५०. सामान निम्मं होतं का? स्पंज ३८, क्रीम ५० (केक लहान झाला तरी त्याचं अंग त्या मानानं जास्त भरतं), भरण १८, सजावट तीच ४०, बोर्ड-डबा ४०, गॅस १५. म्हणजे २०१. वेळ सव्वादोन तास, १८०. तूट २०. झाले ४०१, वर १५ टक्के धरून ४६०. म्हणजे २५० ला विकलेल्या प्रत्येक अर्ध्या किलोच्या केकमागं सामान जाऊन ४९ रुपये हातात, सव्वादोन तासांचे. आणि त्या शनिवारी असे चार केक माझ्या फ्रिजमध्ये खानापूरच्या केकची जागा अडवून बसले होते.

किलोचा दर हा सामानाचा दर आहे, कामाचा नाही. दोन मजली तीन किलो म्हणजे एक किलोचे तीन केक नव्हेत. आधार, जास्तीचा बोर्ड, उंच डबा, थंड करायला तिप्पट वेळ, आणि गाडीत तो एकटाच जाणार. मी आता मजल्याचे वेगळे पैसे लावते. फाँडंटचं प्रत्येक बाहुलं वेळेवर: पाळण्यातल्या बाळाला मला पाऊण तास लागतो, मग पाऊण तासाची मजुरी आणि फाँडंट. नावाचं तसंच. "हॅपी बर्थडे" सगळ्यांना फुकट. पण "हुट्टुहब्बद शुभाशयगळु" (वाढदिवसाच्या शुभेच्छा) कन्नड अक्षरात, खाली मुलाचं नाव मराठीत, आणि ते सगळं सहा इंची केकवर, ही ऑर्डर मला खरंच आली होती. कन्नड मजकूर शेजारच्या टीचरकडनं कागदावर लिहून घेतला, वर बटर पेपर ठेवून पातळ केलेल्या चॉकलेटनं गिरवला, फ्रिजमध्ये घट्ट करून बोर्डाच्या कडेला चिकटवला. छान दिसला. त्याचे ६० रुपये घेतले.

दर वाढवला की गिऱ्हाईक जाईल? काही गेली. "बेकरीत तर ४०० ला मिळतोय की" हे वाक्य आठवड्याला ऐकते, आणि "स्वल्प कडिमी माड्री", म्हणजे कन्नडमधलं "थोडं कमी करा", तर रोज. बेकरी एका वेळी चाळीस स्पंज भाजते, तिचा हिशोब तिला परवडतो. मी भांडत नाही. मजुरीचा दर तोच ठेवून केक साधा करून देते: टॉपर नको, एक रंग, भरण साधं. उलट्या दिशेनं जात नाही, म्हणजे तोच केक कमी पैशात नाही. आणि निम्मे पैसे आधी. नाव घातलेला केक दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. आता शनिवारी चारऐवजी दोनच ऑर्डरी असतात, आणि हातात पैसे पूर्वीपेक्षा थोडे जास्तच राहतात.

पावसाळ्याचं वेगळं

जून लागला की उन्हाचा त्रास संपतो आणि ओलीचा सुरू होतो. जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका. बटरस्कॉचची साखरेची कुरकुरी चंदगडी काजू घालून हौसेनं करतो आणि हॉलवर पोचेपर्यंत ती चिकट होऊन केकवर तपकिरी ओघळ येतात. साखर हवेतलं पाणी ओढते, दुसरं काही नाही. कुरकुरी हवाबंद डब्यात वेगळी न्या आणि तिथं पोचल्यावर लावा. आत घालायचीच तर आधी वितळवलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून घ्या. फाँडंटचं तसंच. ते क्रीमवर थेट बसवलं तर क्रीमच्या ओलीनं विरघळतं. खाली चॉकलेट गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, हवं; उन्हाळ्यात डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, पांढरं असेल तर तीनास एक. फ्रिजमधनं काढलेल्या फाँडंटच्या केकला घाम येतोच. तो पुठ्ठ्याच्या बंद डब्यात ठेवा, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबा उघडू नका, म्हणजे घाम डब्याला येतो. टिपायला कापड लावू नका, रंग निघतो. पंख्याखाली ठेवून वाळू द्या.

गाडीत कुठं ठेवायचा

पायाशी, सपाट जागी, खाली ओली करून पिळलेली जाळीची मॅट. सीट मागं उतरती असते, तिथं नाही. निघायच्या आधी दहा मिनिटं ए.सी. चालू करून गाडी गार करा. स्कूटीवर फक्त अर्धा किलो, पायांच्या मधे. हँडलला पिशवी अडकवून कधीच नाही. गिऱ्हाईक स्वतः न्यायला आलं तर हे सगळं मी तोंडानं सांगते, वर एक चिठ्ठी डब्याला लावते. दिल्यावर फोटो काढून त्यांनाही पाठवते, म्हणजे पुढं बोलायला जागा राहत नाही.

दोन मजल्यांचा आधार असा: खालच्या मजल्यात वरच्या बोर्डाच्या घेराच्या आत चार जाड प्लास्टिकच्या स्ट्रॉ, नेमक्या क्रीमच्या उंचीला कापलेल्या. उंच राहिल्या तर वरचा मजला डुगडुगतो, आखूड पडल्या तर रुततो. वरचा मजला स्वतःच्या बोर्डावर, बोर्डाला मधे भोक. मग एक लांब लाकडी काडी टोक काढून वरनं थेट तळाच्या बोर्डापर्यंत.

एवढं करूनही कलला, तर डबा उघडल्या उघडल्या हात लावू नका. हॉलवाल्यांच्या फ्रिजमध्ये नाहीतर ए.सी.च्या खोलीत वीस मिनिटं. थंड झाला की पॅलेट नाइफ सपाट टेकवून अख्खा मजला हळू सरळ करा, वरनं दुसरी काडी घाला, भेगेवर क्रीमच्या शंखांची रांग काढा. त्यासाठी माझ्या पिशवीत त्याच क्रीमची अर्धी भरलेली कोन बर्फाच्या डब्यात असते, कात्री, दोन काड्या, ओले टिश्यू आणि थोडे मणी. आणि कापणाऱ्या माणसाला केकमध्ये काय काय आहे ते मोजून सांगायचं: स्ट्रॉ चार, काडी एक, दुसरी घातली असेल तर दोन. लहान मुलांच्या ताटात केक जायच्या आधी तेवढ्या सगळ्या बाहेर आल्या पाहिजेत.